डॉ. पंजाबराव देशमुख : शेतकऱ्यांचा विद्वान कैवारी

तलवाडा व त्याच्या भोंवतालच्या गेवराई तालुक्यांतील गांवीं कापूस पिकवणाऱ्यांस एक गोष्ट नव्यानें सांगावयास नको. बोंड फुटलें कीं मनांत आशा उत्पन्न होते, आणि भाव पडला कीं सावकाराचा उंबरठा झिजवावा लागतो. अशाच कापसाच्या मुलखांत, म्हणजे वऱ्हाडांत, जन्मलेल्या एका शेतकरीपुत्राचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

पंजाबराव शामराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ या खेड्यांत झाला. गांवची शाळा संपल्यावर चांदूर, कारंजा, अमरावती अशा पायऱ्या चढत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत पोहोंचले, व १९२० सालीं विलायतेस गेले. एडिंबरो येथें त्यांनीं एम. ए. ची पदवी मिळविली. पुढें ऑक्सफर्ड येथें वेदवाङ्मयांतील धर्माच्या उगमावर व विकासावर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. बॅरिस्टरीची परीक्षाहि ते उत्तीर्ण झाले. १९२६ सालीं ते स्वदेशीं परतले.

एवढी विद्या संपादन केलेल्या मनुष्यास अमरावतीस वकिली करून सुखानें राहतां आलें असतें. परंतु त्यांनीं पहिलें लक्ष दिलें तें खेड्यांतून आलेल्या गरीब मुलांकडे. त्यांच्यासाठीं त्यांनीं श्रद्धानंद छात्रालय काढलें, व त्यांत सर्व जातींच्या मुलांस जागा दिली. १९२७ सालीं त्यांनीं शेतकरी संघ उभारला आणि ‘महाराष्ट्र केसरी’ हें पत्र चालविलें. शेतकरी एकटा असतो म्हणून लुबाडला जातो, हें त्यांनीं ओळखलें होतें. जर्मनींत राईफायझन या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकांत खेड्याखेड्यांतून पतपेढ्या काढून हेंच दाखवून दिलें होतें कीं, एकट्याच्या नांवावर जें कर्ज रास्त व्याजानें मिळत नाहीं, तें दहा जणांच्या एकत्र जबाबदारीवर मिळतें.

तथापि पंजाबरावांची खरी कसोटी निराळ्याच ठिकाणीं लागली. जो शेतकरी सावकारापाशीं न्याय मागतो, त्यानें आपल्या गांवच्या विहिरीवर दुसऱ्यास मज्जाव करावा काय? त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या लोकांस अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून जी चळवळ झाली, तींत पंजाबराव पुढें होते. १९२८ सालीं ते जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले, तेव्हां सार्वजनिक विहिरी त्यांनीं सर्वांस खुल्या केल्या. ज्यांच्या पाठिंब्यावर पुढारीपण उभें असतें, त्यांनाच अप्रिय वाटेल असें करणें सोपें नसतें. पंजाबरावांनीं तें केलें. स्वतःचा विवाहहि त्यांनीं जातीबाहेर केला.

१९३० सालीं ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळांत गेले व शिक्षण आणि शेती या खात्यांचे मंत्री झाले. जगभर मंदी आल्यामुळें कापसाचा भाव कोसळला होता व जमिनी सावकारांकडे जात होत्या. धनको व ऋणको यांस समोरासमोर बसवून कर्जाची तडजोड करावी आणि फेड हप्त्यांनीं व्हावी, अशी सोय करणारा कर्जलवादाचा कायदा त्या प्रांतांत १९३३ सालीं झाला. त्या खटपटींत पंजाबरावांचा मोठा वाटा होता. देवस्थानांची शिल्लक संपत्ति लोकोपयोगी कामीं लागावी असें बिलहि त्यांनीं आणलें होतें. त्यास फार विरोध झाला. १९३२ सालीं अमरावतीस त्यांनीं श्रीशिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. तिनें पुढें गांवोगांव शाळा व अनेक कॉलेजें काढलीं.

स्वातंत्र्यानंतर घटना समितीचे सभासद म्हणून त्यांनीं काम केलें. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते केंद्र सरकारांत मंत्री होते व शेतीचें काम पाहत होते. गादीवाफ्यावर रोपें तयार करून तीं ओळींत अंतरानें लावावयाचीं, खुरपणी व खत वेळेवर द्यावयाचें, अशी जी भातशेतीची जपानी पद्धति, तिचा त्यांनीं १९५३ पासून देशभर प्रसार केला. १९५५ सालीं त्यांनीं भारत कृषक समाज ही अखिल भारतीय शेतकऱ्यांची संस्था स्थापिली. डिसेंबर १९५९ मध्यें दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरलें. त्या वेळीं अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हेहि उपस्थित होते. १० एप्रिल १९६५ रोजीं पंजाबरावांचें निधन झालें.

आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें वऱ्हाडचे कायदे येथें लागू नव्हते. १९५६ सालीं मराठवाडा व विदर्भ हे मुंबई राज्यांत एकत्र आले. पुढें १९६९ सालीं अकोल्यास पंजाबरावांच्या नांवाचें कृषि विद्यापीठ निघालें, व १९७२ सालीं आमच्या मराठवाड्यासाठीं परभणीस दुसरें.

शेतकऱ्यांच्या संघांत जमीनवाला व शिकलेला लवकर पुढें बसतो, आणि मजूर दाराशीं उभा राहतो, ही भीति आजहि खरी आहे. म्हणून आमच्या गांवीं कोणी सोसायटी किंवा गट काढील, त्यानें प्रथम पाहावें कीं, गांवांतील सर्वांत धाकट्या शेतकऱ्यास व शेतमजुरास तेथें बसावयास जागा आहे कीं नाहीं. पंजाबरावांनीं विहीर खुली केली, ती याच विचारानें.