राजा दीनदयाळ

निजामाने ज्यांना ‘राजा’ ही पदवी दिली, ते छायाचित्रकार लाला दीनदयाळ मूळचे मेरठजवळील सरधन्याचे. जन्म १८४४. रुडकीस स्थापत्यशास्त्र शिकून १८६६ साली ते इंदुरास बांधकाम खात्यात रुजू झाले. पुढे १८७४ च्या सुमारास त्यांस छायाचित्रणाचा छंद जडला व तुकोजीराव होळकर महाराजांनी त्यास उत्तेजन दिले.

त्या काळी काचेला रसायन लावून ती ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. काच इतकी मंद की भिंगाचे झाकण काढून कित्येक सेकंद थांबावे लागे. किती, ते सांगणारे विजेचे प्रकाशमापक नव्हते. देवळाच्या मंडपातील काळोख आणि अंगणातले ऊन यांचा अदमास नजरेनेच बांधायचा. तो चुकला की काच वाया! आम्हांस फिल्मच्या डबीवर वेगाचा आकडा छापलेला मिळतो; त्यांस तो अनुभवाने ठरवावा लागला. पुढे कोरड्या, अधिक चपळ काचा आल्या आणि अवधी सेकंदाच्या अंशावर आला.

१८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी चित्रशाळा काढली. १९०५ साली ते निवर्तले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जतन केल्या आहेत.