बावीस वर्षांचा यशवंत

दुसरं महायुद्ध म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर हिटलर, नॉर्मंडी आणि हॉलीवूडचे पिक्चर एवढीच चर्चा होते. त्या युद्धात इटलीमध्ये पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले. त्यातल्या एकाबद्दल मला लिहायचंय. वयानं तो आपल्या फायनल इयरच्या मुलाएवढा, म्हणून मी त्याला अरेतुरेच करणार आहे.

यशवंत घाडगे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, माणगाव तालुक्यातलं पळसगाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. मी गिरगावच्या फणसवाडीत वाढले. आमच्याकडे निम्मी बिऱ्हाडं कोकणातली. गणपतीला गावी जाताना सगळ्यांच्या वाटेवर माणगाव लागतंच. तिथं तहसील कचेरीसमोर त्याचा पुतळा आहे. शाळा माझी कॉन्व्हेंट. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव नव्हतं, ते मला चाळीतल्या माणसांकडून कळलं.

यशवंत मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होता. नाईक हा सैन्यातला हुद्दा, म्हणजे आठ-दहा जवानांच्या सेक्शनचा प्रमुख. ४ जून १९४४ ला रोम पडलं आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागलं. पण हटताना टेकडी-टेकडीवर मशिनगन लावून वाट अडवत होतं.

१० जुलै १९४४. टायबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि यशवंतचा अख्खा सेक्शन कोसळला. कुणी मेले, कुणी जखमी झाले. उभा राहिला तो एकटाच. तो तसाच मशिनगनवर धावून गेला. आधी ग्रेनेड फेकून गन आणि गन चालवणारा, दोन्ही गप्प केले. मग टॉमीगननं आणखी एकाला मारलं. मॅगझिन संपलं. बदलायला काही सेकंदच लागतात, पण तेवढेही नव्हते. त्यानं बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं झोडपून संपवलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच मोर्चात तो गेला. तेविसावं पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते.

त्याची कबर कुठं आहे, कुणालाच माहीत नाही. इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. १९४५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय वेव्हेलनी त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या पत्नीच्या हाती दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. देशाला साहजिकच ते आपले वाटले. यशवंतचं पदक मात्र इंग्रजांचं होतं, त्यामुळे तो मधल्यामध्ये राहून गेला.

हॉस्टेलवर यावरून वाद होतो. इंग्रजांसाठी मेलेल्याचं कौतुक कशाला, असं काही जण विचारतात. प्रश्न खोटा नाही. युद्ध त्याचं नव्हतं, ते कुठं आणि कुणाशी करायचं हेही त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण त्या टेकडीवर त्याच्यासमोर साम्राज्य नव्हतं, सोबतची पोरं पडलेली होती, त्यातले काही अजून जिवंत होते. मशिनगन चालू राहिली असती तर तेही उरले नसते. माझ्यापुरता हिशेब एवढाच आहे. आणि त्यानं मारलेले जर्मनही बहुधा आपल्याच वयाचे असतील, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

इटलीतल्या लोकांनी ते धरलंय. जुलै २०२३ मध्ये मोंतोने गावात यशवंतच्या नावानं स्मारक उभं राहिलं, ते चक्क एक सूर्यघड्याळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ. पळसगावच्या पोराचं नाव तिथं रोज उन्हात असतं. इथं आपण निदान ते नाव माहीत करून घेऊ.