नळाच्या पाण्यात सापडलेला बग: डॉ. सिडनी रिंगर

कोड बरोबर आहे, टेस्ट पास झाल्यात, तरी दुसऱ्याच्या मशीनवर प्रोग्रॅम बंद पडतो. शोधाशोध केल्यावर कळतं की आपल्या मशीनवर एक फाइल आधीपासून होती आणि तिची नोंदच कुठे नव्हती. असाच एक बग १८८० च्या दशकात लंडनच्या एका डॉक्टरांनी पकडला. तो होता पाण्यात.

डॉक्टर आणि प्रयोगशाळा

सिडनी रिंगर मूळचे इंग्लंडमधल्या नॉर्विचचे. १८५४ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले, १८६० मध्ये डॉक्टर झाले आणि पुढची बहुतेक नोकरी तिथल्याच हॉस्पिटलमध्ये केली. त्यांचा धाकटा भाऊ फ्रेडरिक जपानमधल्या नागासाकीत व्यापारी होता. 'रिंगर हट' ही जपानी नूडल्सची चेन त्याच्याच नावाने चालते.

सिडनी यांचं औषधोपचारावरचं पुस्तक १८६९ मध्ये आलं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. घरात मात्र दुःख होतं. त्यांची मुलगी लहानपणीच गेली. तिच्या आठवणीसाठी त्यांनी यॉर्कशरमधल्या लास्टिंगहॅम गावच्या जुन्या चर्चचा जीर्णोद्धार करून दिला. पेशंट तपासून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवायचे.

बग कुठे होता?

बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून योग्य द्रावणात ठेवलं तर ते बराच वेळ धडधडत राहतं. रक्तातल्या कोणत्या क्षारामुळे असं होतं, हे रिंगर शोधत होते. १८८२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. त्यात कॅल्शियम अत्यावश्यक ठरलं नव्हतं.

पुढे शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात तेच द्रावण बनवलं, तर हृदय थोड्याच वेळात मंदावून थांबायला लागलं. कृती तीच, क्षार तेच, मग बदललं काय? फक्त पाणी! आधीचं द्रावण नळाच्या पाण्यात बनवलेलं होतं. लंडनच्या त्या पाण्यात दर दहा लाख भागांत सुमारे ३८ भाग कॅल्शियम होतं. डिस्टिल्ड पाण्यात थोडं कॅल्शियम टाकल्यावर हृदय पुन्हा चालू लागलं.

रिंगर हे लपवू शकले असते. पण १८८३ मध्ये त्यांनी त्याच नियतकालिकात आधीच्या प्रयोगातली चूक स्पष्ट लिहिली आणि नवा निकाल दिला: हृदयाच्या आकुंचनाला कॅल्शियम लागतंच.

आज ते कुठे भेटतात?

हॉस्पिटलमध्ये 'आरएल'ची बाटली लावलेली पाहिली असेल ना? आरएल म्हणजे रिंगर्स लॅक्टेट. त्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड आणि लॅक्टेट असतं. लॅक्टेटची भर १९३० च्या दशकात अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ॲलेक्सिस हार्टमन यांनी घातली. रिंगर १९१० मध्येच गेले होते.

त्यांच्या कॅल्शियमची गोष्ट नंतर पेशीच्या आत पोहोचली. शाळेत आपण जिला तंतुकणिका म्हणून शिकलो, ती मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम आत ओढून घेते, हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसून आलं. थोडं कॅल्शियम आत आलं की ऊर्जा बनवण्याचा वेग वाढतो. प्रमाणाबाहेर आलं तर पटलाला छिद्र पडून पेशी मरू शकते. ज्या प्रथिनातून ते आत शिरतं, ते २०११ मध्ये ओळखलं गेलं.

एस्ट्रोजेनचा प्रश्न इथेच येतो. २००३ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या पेशींमध्ये असं दिसलं, की एस्ट्राडायॉल दिल्यावर मायटोकॉन्ड्रिया जास्त कॅल्शियम साठवू शकते आणि पेशी आघातातून तगतात. एस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर काम करणारी इतर काही रसायनंही हे कॅल्शियम आत जाण्याचा वेग बदलतात. पण हे सगळं पेशींवरच्या प्रयोगात. त्यावरून स्वतःच्या मनाने हार्मोनच्या गोळ्या घेणं धोक्याचं आहे.

आणि अशा प्रत्येक प्रयोगात पहिला प्रश्न रिंगर यांचाच असतो: द्रावणात कॅल्शियम नेमकं किती होतं? ते माहीत नसेल, तर दिसलेला परिणाम हार्मोनचा की पाण्याचा, हे कुणीच सांगू शकणार नाही.