लंगडण्यामागचा माणूस

माझा मामेभाऊ सात वर्षांचा असताना अचानक लंगडायला लागला. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर दिवसभर फुटबॉल खेळणारं पोरगं, त्यामुळे सगळे म्हणाले, पाय मुरगळला असेल. कुठे दुखतंय विचारलं की गुडघ्यावर हात ठेवायचा. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो अगदी नॉर्मल. दोन-तीन महिने असेच गेले. मग एका डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितला आणि घरात एक नवा शब्द आला: पर्थेस. ते एका सर्जनचं आडनाव आहे, हे मला खूप नंतर कळलं.

गेऑर्ग पर्थेस यांचा जन्म १८६९ चा, जर्मनीतल्या मोअर्स गावचा. बॉनमध्ये ते ट्रेंडेलेनबुर्ग या नामवंत सर्जनच्या हाताखाली तयार झाले आणि गुरू लाइपझिगला गेले तेव्हा त्यांच्या मागोमाग गेले. १८९५ मध्ये रोंटगेनने एक्स-रे शोधले आणि या तरुण सर्जनला त्याचं वेडच लागलं. १९००-०१ मध्ये जर्मन सैन्याबरोबर चीनला गेले, तर तिथेही लहानपणापासून करकचून बांधलेल्या बायकांच्या पावलांचे एक्स-रे काढले. परत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या किरणांनी गाठींची वाढ रोखता येते. १९०३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. कॅन्सरच्या रेडिएशन उपचारांच्या पहिल्या काही माणसांत त्यांचं नाव येतं ते यामुळे.

१९१० मध्ये ते ट्युबिंगेनच्या सर्जरी विभागाचे प्रमुख झाले. त्या काळी खुबा दुखणारं मूल म्हणजे हाडाचा क्षय, असं जवळजवळ ठरलेलंच. मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं बिछाना आणि प्लास्टर. पण काही मुलांचं चित्र जुळत नव्हतं. ताप नाही, पू नाही, मूल एरवी ठणठणीत. एक्स-रेमध्ये मात्र मांडीच्या हाडाचा वरचा गोळा चपटा झालेला. हा क्षय नाही, वेगळंच काहीतरी आहे, असं पर्थेस यांनी त्याच वर्षी लिहिलं.

गंमत म्हणजे १९१० मध्येच बोस्टनचे लेग आणि फ्रान्सच्या बेर्क या समुद्रकाठच्या गावातले काल्वे यांनीही हेच ओळखलं. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रोम यांनी तर वर्षभर आधी अशाच मुलांबद्दल लिहिलं होतं, पण त्यांनी तो क्षयच धरला. मला त्यांचं खरंच वाईट वाटतं. आजाराचं पूर्ण नाव लेग-काल्वे-पर्थेस. ओपीडीत मात्र नुसतं पर्थेस.

होतं असं की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. का, ते अजून पक्कं सांगता येत नाही. हाड मरतं, ठिसूळ होतं, मग शरीर दोन-चार वर्षांत नवं हाड भरतं. तोवर गोळा खोबणीत नीट बसून गोल राहिला पाहिजे, सगळे उपचार त्यासाठीच. बहुतेक रुग्ण चार ते आठ वर्षांचे, त्यात मुलगे जास्त. आणि खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, तिथेच घरचे फसतात.

पर्थेस १९२७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आरोसाला वारले, वय ५७.

मामेभाऊ आता अकरावीत आहे. दोन वर्षं त्याने फुटबॉल फक्त ओट्यावर बसून पाहिला. हल्ली गोलकीपर असतो, आणि गल्लीतलं कुठलंही पोर लंगडताना दिसलं की त्याच्या आईला आधी खुबा दाखवायला सांगतो.