लोखंडातला दोष शेताचं खत झाला : कोर्टातल्या कारकुनाची गोष्ट

खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश असे तीन आकडे छापलेले असतात. यातलं स्फुरद पिकाला हवंच, त्याशिवाय मुळं नीट धरत नाहीत. पण हेच स्फुरद लोखंडात राहिलं, तर पोलाद थंडीत काचेसारखं तडकतं. दीडशे वर्षांपूर्वी या एका दोषापायी युरोपातल्या मोठमोठ्या लोखंडाच्या खाणी पोलादासाठी बिनकामाच्या ठरल्या होत्या. त्यावर तोड काढली ती लंडनच्या पोलीस कोर्टात काम करणाऱ्या एका कारकुनानं. त्याचं नाव सिडनी गिलख्रिस्ट थॉमस.

डॉक्टर व्हायचं राहून गेलं

सिडनीचा जन्म लंडनमध्ये 16 एप्रिल 1850 रोजी झाला. वडील सरकारी नोकरीत होते. पोरगा हुशार, त्याला डॉक्टर करायचं घरात ठरलं होतं. पण 1867 मध्ये वडील वारले आणि सगळं गणित बिघडलं. सतरा वर्षांच्या सिडनीनं थोडे दिवस शाळेत शिकवलं आणि मग पोलीस कोर्टात कारकुनी धरली.

पुढे त्याची नेमणूक लंडनच्या पूर्व भागातल्या कोर्टात झाली. गोदी कामगारांची आणि गरिबांची वस्ती. दारूची भांडणं, मारामाऱ्या, दंड, पोटासाठी केलेल्या चोऱ्या, दिवसभर हेच समोर. संध्याकाळी मात्र तो बर्कबेक संस्थेत रसायनशास्त्राच्या वर्गाला जाऊन बसायचा. घरीच छोटी प्रयोगशाळा मांडली होती. खाणशास्त्राच्या सरकारी शाळेच्या परीक्षाही तो पास झाला, पण नोकरीमुळे दिवसाच्या तासांना हजेरी नाही, म्हणून पदवी मिळाली नाही.

1870 च्या सुमारास वर्गातले शिक्षक चॅलोनर एकदा सहज बोलून गेले, की बेसेमरच्या भट्टीत जो कुणी लोखंडातलं स्फुरद काढून दाखवील, त्याचं नशीब उघडलंच समजा. बाकीच्यांनी ऐकून सोडून दिलं. सिडनीच्या डोक्यात ते पक्कं बसलं.

भट्टी चांगली, माल वेगळा

हेन्री बेसेमरनं 1856 मध्ये नवी रीत जाहीर केली होती. वितळलेल्या बिडात खालून जोरात हवा सोडायची. आतला कार्बन आणि सिलिकॉन जळतो, त्याच उष्णतेवर धातू पातळ राहतो आणि अर्ध्या तासाच्या आत पोलाद तयार. कारखानदारांनी पैसे मोजून ही रीत घेतली. पण अनेकांचा माल ठिसूळ निघाला आणि बेसेमरची नाचक्की झाली.

भट्टीत खोट नव्हती, फरक खनिजात होता. बेसेमरनं स्वतःच्या प्रयोगात वापरलेलं बीड वेल्समधल्या ब्लेनॅव्हनचं होतं आणि त्यात स्फुरद फार कमी होतं. इतरांच्या बिडात ते जास्त होतं.

आपण लोखंडाची खाण म्हटलं की सगळीकडे एकच दगड निघतो असं समजतो. तसं नाही. इंग्लंडच्या कंबरलँडचं आणि स्पेनच्या बिल्बाओचं खनिज म्हणजे लालसर हेमॅटाइट, त्यात स्फुरद नावालाच. ते बेसेमरच्या भट्टीला चालायचं. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या लोरेनचं खनिज म्हणजे खसखशीसारख्या बारीक गोल दाण्यांचा दगड. लोखंड साधारण तीस टक्क्यांच्या आसपास आणि स्फुरद त्या दाण्यातच मिसळलेलं. इंग्लंडच्या क्लीव्हलँड भागाचीही हीच अडचण होती.

मग ते आधीच का काढू नये? इथंही खनिजाची जात आडवी येते. स्वीडनमधल्या किरुना इथलं खनिज मॅग्नेटाइट आहे, म्हणजे चुंबकाला चिकटणारं. त्यातलं स्फुरद ॲपेटाइट नावाच्या वेगळ्या खनिजाच्या कणांत असतं. दगड बारीक दळला आणि चुंबक लावला, की लोखंड चिकटतं आणि ॲपेटाइट बरंचसं मागे राहतं. पाखडून खडे वेगळे काढावेत तसं. लोरेनच्या खनिजात मात्र दाण्यातच दोष. कितीही दळा, धुवा, तो सुटत नाही. ज्वारीत खडा असला तर पाखडता येतो, पण पिठात माती कालवली तर काय पाखडणार?

म्हणजे ते काढायचं तर भट्टीतच काढायला हवं होतं.

चूक अस्तरात सापडली

बेसेमरच्या भट्टीला आतून वाळूच्या जातीच्या दगडाचं अस्तर असायचं. हे अस्तर आम्लधर्मी. हवेनं स्फुरद जळतं, पण जळून जे तयार होतं तेही आम्लधर्मीच. त्याला धरून ठेवणारं भट्टीत काही नसल्यानं ते पुन्हा लोखंडात शिरायचं. त्याला धरून ठेवतो चुना. पण भट्टीत चुना टाकला तर तो आधी अस्तरच खाऊन टाकणार.

सिडनीनं 1875 च्या अखेरीस उत्तर पक्कं केलं. अस्तरच बदलायचं. डोलोमाइटसारखा चुनखडीच्या जातीचा दगड कडक भाजून त्याचं अस्तर करायचं आणि वरून धातूत चुनाही टाकायचा. चुना स्फुरदाला पकडतो आणि दोन्ही वर तरंगणाऱ्या मळीत, म्हणजे स्लॅगमध्ये जातात. आंबट जमिनीला शेतकरी चुना देतो, त्यातलाच हा प्रकार. जॉर्ज स्नेलस यानंही आधी चुन्याचं अस्तर करून पाहिलं होतं, पण कारखान्यात चालेल अशी पूर्ण रीत बसवली ती सिडनीनं.

कारकुनाकडे भट्टी कुठली? त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समध्ये लोखंडाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. सुट्टी मिळेल तेव्हा सिडनी रेल्वेनं तिकडे जायचा. दोघांनी ब्लेनॅव्हनलाच, छोट्या भट्टीत प्रयोग केले. गंमत बघा, बेसेमरची फसगत ज्या गावच्या बिडानं झाली, त्याच गावात तिचं उत्तर सापडलं.

मार्च 1878 मध्ये लंडनला लोखंड-पोलाद संस्थेची बैठक होती. सिडनीनं उठून थोडक्यात सांगितलं, की बेसेमरच्या भट्टीत स्फुरद काढता आलं आहे. कुणी लक्ष दिलं नाही. पण पुढे मिडल्सब्रोच्या कारखान्याचे व्यवस्थापक विंडसर रिचर्ड्स यांनी विश्वास ठेवला. 4 एप्रिल 1879 ला तिथल्या मोठ्या भट्टीत क्लीव्हलँडच्या बिडावर प्रयोग यशस्वी झाला. कार्बन जळून गेल्यावर काही मिनिटं हवा चालूच ठेवायची, स्फुरद जातं ते तेव्हाच. त्याच वर्षी सिडनीनं कोर्टाची नोकरी सोडली.

जसं खनिज तशी भट्टी

ही बातमी फुटताच जर्मनी, बेल्जियमचे कारखानदार धावत आले. लोरेनच्या टाकाऊ खाणींना मोल आलं आणि जर्मनीचा पोलाद उद्योग त्यावर उभा राहिला.

तरी एकच भट्टी सगळ्यांना चालली असं झालं नाही. थॉमसच्या भट्टीला उष्णता मिळते ती स्फुरद जळण्यातूनच. म्हणून बिडात ते दोन टक्क्यांच्या आसपास असलेलं बरं. फार कमी असेल तर बेसेमरची जुनी भट्टी. अधलं-मधलं असेल तर बाहेरून गॅसची आच देणारी उघड्या चुलीची भट्टी, पण अस्तर चुनखडीच्या जातीचंच. काळ्या रानात आणि कोकणच्या जांभ्यात एकच पीक घेता येत नाही, तसाच हा हिशोब.

आणि स्लॅगचं काय? त्यात स्फुरद आणि चुना दोन्ही भरपूर. बारीक दळून ते थॉमस खत म्हणून विकलं गेलं आणि युरोपातल्या आम्लधर्मी जमिनींना, कुरणांना ते लागू पडलं. चुनखडीच्या काळ्या रानाला मात्र ते मानवत नाही. या स्लॅगचं खत करण्यावर सिडनीनंही शेवटच्या काळात मेहनत घेतली.

चौतिसाव्या वर्षी

पैसा आला, मान आला. 1883 मध्ये बेसेमरच्याच नावाचं सुवर्णपदक मिळालं. पण वर्षानुवर्षं दिवसा नोकरी आणि रात्री प्रयोग करून शरीर झिजलं होतं. फुप्फुसांचा आजार बळावला. डॉक्टरांच्या सल्ल्यानं तो उबदार देशांत फिरला, पण उपयोग झाला नाही. 1 फेब्रुवारी 1885 ला पॅरिसमध्ये तो गेला. वय अवघं 34.

कोर्टात रोज पाहिलेली गरिबी तो विसरला नव्हता. आपली संपत्ती लोकांच्या भल्यासाठी खर्च व्हावी, अशी सोय त्यानं करून ठेवली. त्याची बहीण लिलियन हिनं ते काम पुढे नेलं.

उघड्या चुलीच्या भट्ट्या आज जवळपास गेल्या. पण नव्या ऑक्सिजनच्या भट्टीलाही आतून डोलोमाइट, मॅग्नेसाइटच्या जातीच्या विटा लावतात आणि धातूत चुनाच टाकतात. गडचिरोलीच्या सुरजागडचं हेमॅटाइट असो की परदेशातलं मॅग्नेटाइट, कारखाना आधी त्याची तपासणी करून आत काय काय आहे ते बघतो आणि मग रीत ठरवतो. पेरणीआधी माती तपासावी, तसंच.