अंजनीबाई मालपेकर

अंजनीबाई मालपेकर (२२ एप्रिल, १८८३ – ७ ऑगस्ट, १९७४) या भेंडीबाजार घराण्याच्या हिंदुस्थानी शास्त्रीय गायिका व गुरू होत्या. संगीत नाटक अकादमीचे सर्वोच्च सदस्यत्व (फेलोशिप) मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. तरुणपणी चित्रकार राजा रविवर्मा यांच्या चित्रांसाठी त्यांनी प्रतिमान म्हणून काम केल्याचे मानले जाते. त्यामुळे संगीताच्या जाणकारांबाहेर त्यांचे नाव मुख्यतः या चित्रांच्या संदर्भात घेतले जाते.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

अंजनीबाईंचे घराणे मूळचे गोव्यातील मालपे येथील. गावाच्या नावावरूनच त्यांचे मालपेकर हे आडनाव आले. घरात गाण्याची परंपरा होती. त्यांची आजी गुजाबाई व आई नबूबाई या दोघीही संगीतात जाणकार होत्या. गोव्यातील देवस्थानांशी निगडित असलेल्या कलावंत घराण्यांतील अनेक कुटुंबे एकोणिसाव्या शतकात मुंबईला येत असत. धनिक आश्रयदाते, उत्तर हिंदुस्थानातून आलेले उस्ताद आणि खासगी मैफली या तिन्ही गोष्टी तेथे उपलब्ध होत्या.

वयाच्या आठव्या वर्षी अंजनीबाईंची तालीम उस्ताद नझीर खाँ यांच्याकडे सुरू झाली. नझीर खाँ, छज्जू खाँ व खादिम हुसेन खाँ हे बंधू उत्तर हिंदुस्थानातून येऊन मुंबईच्या भेंडीबाजार भागात स्थायिक झाले होते. त्यांच्या गायकीला पुढे त्याच वस्तीचे नाव मिळाले. मोकळ्या आवाजातील आकार, दमसास, मींड, मेरुखंड पद्धतीने केलेली स्वरांची मांडणी आणि सरगम ही या गायकीची वैशिष्ट्ये होत. अंजनीबाईंनी या एकाच गुरूकडे दीर्घकाळ तालीम घेतली. १८९९ मध्ये, सोळाव्या वर्षी, मुंबईत त्यांची पहिली जाहीर मैफल झाली.

चित्रांतील प्रतिमा

त्या काळी मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका प्रामुख्याने पुरुषच करीत. कुलीन मानल्या जाणाऱ्या घरांतील स्त्रिया परक्या चित्रकारासमोर बसण्यास तयार नसत. त्यामुळे पौराणिक नायिका व देवता रंगविणाऱ्या चित्रकारांना प्रतिमानासाठी बहुधा कलावंत स्त्रियांकडेच वळावे लागे. समाज ज्यांना प्रतिष्ठेचे स्थान देत नव्हता, त्यांचेच चेहरे अशा रीतीने देवी व नायिकांच्या रूपाने घराघरांतील भिंतींवर पोहोचले. रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप छापखाना सुरू केला आणि पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविला. या छापखान्यातील रंगीत प्रतींमुळे ही चित्रे सर्वसामान्यांना परवडू लागली.

अंजनीबाई व रविवर्मा यांचा संबंध विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतील मानला जातो. ‘चांदण्यातील स्त्री’ व ‘मोहिनी’ या चित्रांशी त्यांचे नाव जोडले जाते. तथापि, ‘चांदण्यातील स्त्री’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या तैलचित्रासाठी १८८९ हे वर्ष दिले जाते. त्या वर्षी अंजनीबाई सहा वर्षांच्या होत्या, तर चित्रात प्रौढ तरुणी आहे. हे वर्ष ग्राह्य धरल्यास त्या चित्रातील स्त्री अंजनीबाई असू शकत नाहीत. त्यामुळे त्यांच्या परिचयासोबत हे चित्र त्यांचे व्यक्तिचित्र म्हणून देणे योग्य ठरत नाही. रविवर्मांची बहुतेक पौराणिक चित्रे व्यक्तिचित्रे नव्हेत. प्रतिमानाचा चेहरा, बांधा व वेशभूषा यांत चित्रकार आपल्या कल्पनेप्रमाणे बदल करीत असे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनाही अंजनीबाईंच्या रूपाने प्रेरणा दिल्याचे सांगितले जाते.

मैफली व निवृत्ती

सौंदर्याच्या ख्यातीचा अंजनीबाईंना त्रासही झाला. मैफलीस येणाऱ्या काही पुरुषांचे लक्ष गाण्याऐवजी गायिकेकडे असे आणि त्यांचा उपद्रव त्यांना सोसावा लागला. १९०४ च्या सुमारास त्यांचा आवाज अकस्मात गेला व वर्षाहून अधिक काळ त्यांचे गाणे बंद राहिले. गायनावरच उपजीविका व ओळख अवलंबून असलेल्या विशीतील कलावंत स्त्रीसाठी हे मोठे संकट होते. आवाज परत आल्याचे श्रेय त्या केडगावचे संत नारायण महाराज यांच्या कृपेला देत. त्यानंतर त्यांनी पुन्हा मैफली गाजविल्या.

गुरू नझीर खाँ यांच्या निधनानंतर अंजनीबाईंचे मन मैफलीत रमेनासे झाले. १९२३ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांनी जाहीर गायन कायमचे थांबविले.

अध्यापन व शिष्यवर्ग

निवृत्तीनंतरची सुमारे पाच दशके अंजनीबाईंनी विद्यादानात घालविली. त्यांच्याकडे शिकलेल्यांत कुमार गंधर्व व किशोरी आमोणकर यांचा समावेश होतो. या दोघांचीही मूळ तालीम अन्यत्र झालेली होती; कुमार गंधर्व हे बी. आर. देवधर यांचे शिष्य, तर किशोरीताईंच्या प्रथम गुरू त्यांच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर. अंजनीबाईंकडून किशोरीताईंनी विशेषतः मींडेचा अभ्यास केला. भेंडीबाजार घराण्याचे गायक त्र्यंबकराव जानोरीकर यांनी उस्ताद अमान अली खाँ यांच्यानंतर अंजनीबाईंचे मार्गदर्शन घेतले. घराणे वेगळे असलेल्या विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकविले, त्यामुळे भेंडीबाजार गायकीतील स्वरविचार त्या घराण्यापलीकडे पोहोचला.

सन्मान व निधन

१९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना फेलोशिप प्रदान केली. त्या वेळी त्यांनी मैफल सोडून पस्तीस वर्षे झाली होती. ७ ऑगस्ट, १९७४ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.