प्रश्न ‘ऐरणीवर’ येतो म्हणजे नेमकं काय होतं? उपमा-रूपकांसाठी भांडलेल्या जॉर्ज ऑर्वेलची गोष्ट

‘पाणीप्रश्न पुन्हा ऐरणीवर.’ असे मथळे तुम्ही ढिगाने वाचले असतील. मी तर लिहिलेतही. पण ऐरण म्हणजे लोहाराकडचा तो लोखंडी ठोकळा, ज्यावर तापलेलं लोखंड ठेवून घण घालतात, हे चित्र मथळा लिहिताना एकदाही माझ्या डोळ्यांसमोर आलं नाही.

गंमत म्हणजे इंग्रजीतही ही ऐरण आहे. हातोडा आणि ऐरण हे रूपक तिथे असं वापरलं जायचं, जणू मार खाऊन शेवटी ऐरणच मोडते. १९४६ साली एका लेखकाने दाखवून दिलं की खरं तर ऐरण टिकते आणि हातोडा तुटतो. म्हणजे लिहिणाऱ्यांनी विचारच केलेला नव्हता.

हा लेखक म्हणजे जॉर्ज ऑर्वेल.

आधी शाळेतली उजळणी करू. एक गोष्ट दुसरीसारखी आहे असं म्हटलं की ती उपमा, इंग्रजीत सिमिली. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ या शब्दांवरून ती पटकन ओळखता येते. ‘सारखी’ गाळून एक गोष्ट म्हणजे थेट दुसरीच, असं म्हटलं की ते रूपक, इंग्रजीत मेटाफर. दोघांचंही काम एकच: वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं करणं.

मोतिहारीत जन्म, ब्रह्मदेशात नोकरी

ऑर्वेलचं खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३ चा, बिहारमधल्या मोतिहारीतला. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. तो अगदी लहान असतानाच आई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. स्कॉलरशिपवर तो ईटन या नामांकित शाळेत शिकला, पण पुढे युनिव्हर्सिटीत न जाता १९२२ मध्ये ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाला. पाच वर्षांत त्याला साम्राज्याच्या चाकरीचा वीट आला आणि त्याने नोकरी सोडली.

ब्रह्मदेशातल्या एका फाशीवर त्याने १९३१ मध्ये निबंध लिहिला. त्यात तुरुंगाच्या भिंतीवरून येणाऱ्या पहाटेच्या उजेडाला त्याने पिवळ्या वर्खाची उपमा दिली आहे. त्याच निबंधात फासाकडे चाललेला कैदी वाटेतलं डबकं चुकवून चालतो. ती कृती मात्र त्याने साध्या शब्दांत सांगितली आहे. जिथे घडलेली गोष्टच बोलते, तिथे उपमेची गरज नसते.

१९३६ च्या अखेरीस तो स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेला. मे १९३७ मध्ये गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. तो वाचला, पण एक गोष्ट त्याच्या मनात कायमची बसली. जिथे लढाई झालीच नव्हती तिथल्या मोठ्या लढायांच्या बातम्या छापून येत होत्या आणि शौर्याने लढलेल्यांना गद्दार ठरवलं जात होतं. पुढे १९४१ ते १९४३ या काळात तो बीबीसीवर भारतासाठीचे कार्यक्रम करायचा. म्हणजे युद्धकाळातला सरकारी प्रचार त्याने आतूनही पाहिला.

मेलेलं रूपक आणि झिजलेलं रूपक

या सगळ्यातून एप्रिल १९४६ मध्ये त्याचा ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ हा निबंध आला. त्याची मांडणी सोपी आहे. नवं रूपक चित्र दाखवतं. पूर्ण मेलेलं रूपक साधा शब्द बनतं, त्याचाही त्रास नसतो. आपण ‘खुर्चीचा पाय’ म्हणतो तसं. अडचण आहे ती मधल्या झिजलेल्या रूपकांची. त्यांच्यात चित्र उरलेलं नसतं, तरी डोकं चालवायचे कष्ट वाचतात म्हणून लोक ती वापरत राहतात.

उदाहरणार्थ, इंग्रजीत ‘टो द लाइन’ म्हणजे आखलेल्या रेषेवर पायाचा अंगठा टेकवून उभं राहणं, अर्थात शिस्त पाळणं. पण उच्चार सारखाच असल्यामुळे काही जण तिथे ‘ओढणं’ या अर्थाचा ‘टो’ लिहायचे. अंगठा डोळ्यांसमोर असता तर ही चूक झाली असती का?

पण हा फक्त भाषेच्या सौंदर्याचा प्रश्न नव्हता. विमानांतून गावांवर बॉम्ब टाकायचे, माणसं देशोधडीला लावायची आणि कागदावर त्याला ‘शांतता प्रस्थापित करणं’ म्हणायचं, हे तेव्हा सर्रास चालत होतं. अशा शब्दांतून रक्त दिसत नाही, म्हणूनच ते वापरले जातात, हे ऑर्वेलने दाखवलं. माकूळ सुटका करून घ्यायला शाई सोडते, तसा अप्रामाणिक लेखक जड शब्द सोडतो, ही उपमाही त्याचीच.

निबंधाच्या शेवटी त्याने सहा नियम दिले. पहिला असा की, छापलेली सतत दिसणारी उपमा किंवा रूपक वापरू नका. सहावा असा की, नियम पाळून वाक्य भयंकर होत असेल तर खुशाल नियम मोडा.

स्वतः तो रूपकांचा शत्रू नव्हता. ऑगस्ट १९४५ मध्ये आलेलं त्याचं ‘ॲनिमल फार्म’ हे आख्खं पुस्तकच एक रूपक आहे. त्यातली जनावरांनी ताब्यात घेतलेली शेतवाडी म्हणजे क्रांतीनंतरचा रशिया. युद्धात रशिया ब्रिटनचा मित्र होता, त्यामुळे बऱ्याच प्रकाशकांनी ते नाकारलं होतं.

शेवटची कादंबरी त्याने स्कॉटलंडच्या जुरा बेटावर, क्षयाने खंगत असताना पूर्ण केली. ‘नाइन्टीन एटी-फोर’ ८ जून १९४९ ला प्रसिद्ध झाली. त्यातलं सरकार शब्दच कमी करत जातं, म्हणजे लोकांना बंडाचा विचारही करता येऊ नये. २१ जानेवारी १९५० ला ऑर्वेल गेला. वय अवघं ४६.

त्याच कादंबरीतला, सगळ्यांवर नजर ठेवणारा ‘बिग ब्रदर’ ही हुकूमशाहीची भीतीदायक प्रतिमा होती. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये त्याच नावाचा रिॲलिटी शो सुरू झाला. आपला ‘बिग बॉस’ त्याचाच भारतीय अवतार. आता कॅमेऱ्याच्या नजरेत राहण्यासाठी लोक धडपडतात. झिजलेल्या रूपकांशी भांडणाऱ्या माणसाचं स्वतःचं रूपकही असं झिजलं.

पण त्याची कसोटी अजून कामाची आहे. लिहिताना एकदा थांबून विचारा, मला चित्र दिसतंय का? दिसत नसेल तर प्रश्न ऐरणीवर ठेवू नका. त्या गावात टँकर किती दिवसांनी येतो, तेवढं लिहा.